कापडातली काच

तिसरे रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याने उद्यमबागेकडे निघाले की पावसाळ्यात एक गोष्ट सारखी नजरेला पडते. रिक्षांच्या बाजूंना पडदे उतरलेले असतात, टेम्पोच्या मागे ताडपत्री आवळलेली असते, चहाच्या टपरीपुढे प्लॅस्टिक सोडलेले असते, आणि या आडोशांत कुठे ना कुठे पारदर्शक तुकडा शिवलेला असतो. त्याला कोणी ट्रान्स्परंट म्हणतो, कोणी सरळ काच. नवा असताना त्यातून समोरचे स्वच्छ दिसते. दोन-तीन उन्हाळे गेले की तो चहाच्या रंगाचा होतो, कडक होतो, आणि एके दिवशी घडीवर चिरतो. मुंबईत आणि गोव्यात हौशी मंडळींच्या बोटींवर कॅनव्हासचे छत असते, त्याच्या बाजूंना हीच काच मोठ्या मापात असते आणि तिची गतही हीच होते. समुद्रकाठी ती महाग असते म्हणून तिची निगा राखली जाते. आपल्याकडे ती स्वस्त म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण रात्रीच्या पावसात पिवळ्या पडलेल्या पडद्यावर समोरच्या गाडीचा दिवा पसरतो आणि बाजूने येणारी दुचाकी रिक्षावाल्याला दिसतच नाही, तेव्हा स्वस्त-महाग हा हिशेब निराळा होतो.

ही वस्तू कशी जन्मली, कशाने मरते आणि ती बदलायची कशी, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

पाणी अडवणारे कापड उजेडही अडवते, ही जुनी अडचण आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्या शेतकऱ्याने तिच्यावर सोपा उपाय काढला होता. इरले पाठ आणि डोके झाकते आणि पुढची बाजू मोकळी सोडते. भातलावणी करणारा माणूस वाकलेला असतो, पाऊस पाठीवर घेतो आणि चिखल पाहतो. खिडकीची गरजच नाही. अडचण सुरू झाली ती माणूस पावसाकडे तोंड करून वेगाने जाऊ लागला तेव्हा. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून आंबोलीचा घाट चढत बेळगावच्या छावणीकडे येणाऱ्या प्रवाशांचा विचार करा. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. टांग्यावर मेणकापडाचे किंवा कातड्याचे छत असायचे, बाजूंना पडदे. पडदा सोडला तर आत काळोख, वर केला तर आत पाणी. (ताडपत्री हा शब्दही गमतीचा आहे. डांबर लावलेल्या जाड कापडाला इंग्रज टारपॉलिन म्हणत होते. आपल्या कानाने त्यात ताडाचे पान ऐकले, कारण पाऊस अडवायला पानच वापरायचे ही आपली सवय.)

उजेड आत आणि पाणी बाहेर, ही युक्ती आपल्या शेजारच्या गोव्याने फार पूर्वी साधली होती, पण घरासाठी. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी शिंपले बसवलेले आजही पाहायला मिळतात. हा शिंपला चपटा, पातळ आणि दुधाळ असतो. त्याच्या कडा कापून चौकोनी तुकडे करायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचे. काच परदेशातून जहाजाने यायची, महाग पडायची, वाटेत फुटायची. शिंपला दाराशी होता. झुआरीच्या खाडीत चिखलीजवळ हे शिंपले अजून सापडतात आणि आता त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. या खिडकीतून आत येणारा प्रकाश फार सुंदर असतो, पण तिच्यातून बाहेरचे काही दिसत नाही, आणि ती वाकत तर मुळीच नाही. घराला ते चालते, पण गुंडाळायच्या पडद्याला नाही.

अभ्रक थोडे वाकते. त्याचे पापुद्रे सोलले की पातळ, पारदर्शक पत्रे निघतात. रशियात त्याच्या खिडक्या करत, म्हणून युरोपात त्याला मस्कोव्हीची काच म्हणत, आणि खनिजशास्त्रातले त्याचे मस्कोव्हाइट हे नाव त्यावरूनच आले. उष्णतेने ते तडकत नाही, म्हणून शेगडीच्या आणि कंदिलाच्या खिडकीत ते बसले, आणि घोडागाडीच्या पडद्यांतही शिवले गेले. अमेरिकेत या अभ्रकाच्या पडद्यांना आयसिंग्लास असे नाव पडले. खरे आयसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला सरस. आपले कोळी बांधव त्या पिशवीला बोत म्हणतात आणि घोळ माशाच्या बोताला आजही सोन्याचा भाव येतो. सुकलेला सरस आणि अभ्रक दिसायला सारखे, म्हणून एकाचे नाव दुसऱ्याला चिकटले. अभ्रक गेले, सेल्युलॉइड आले आणि गेले, प्लॅस्टिक आले, तरी तिकडचे बोटवाले आपल्या प्लॅस्टिकच्या खिडकीला अजून आयसिंग्लासच म्हणतात. वस्तूपेक्षा नाव जास्त टिकते याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

सेल्युलॉइडपाशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण पुढची सगळी कथा त्याच्या पोटात आहे.

कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. ते कडक आणि ठिसूळ असते, एकटे काही कामाचे नाही. अमेरिकेत जॉन हयात आणि त्याच्या भावाने १८७०च्या सुमारास त्यात कापूर मिसळला. आरतीच्या ताटातला कापूरच. साधारण चौथा हिस्सा कापूर घालून उष्णता आणि दाब दिला की तोच ठिसूळ पदार्थ लवचिक होतो, त्याचे पारदर्शक पत्रे निघतात. कापराचे कण नायट्रोसेल्युलोजच्या लांब साखळ्यांच्या मध्ये जाऊन बसतात, साखळ्यांना एकमेकींवरून सरकू देतात, आणि पत्रा वाकतो. या शोधामुळे कापराची मागणी इतकी वाढली की तैवान ताब्यात आल्यावर जपान सरकारने १८९९ मध्ये तिथल्या कापरावर मक्तेदारी बसवली. देवापुढे जळणारा कापूर आणि कंगवे, बाहुल्या, फिल्म यांचा कापूर एकाच जंगलातून यायचा. पुढे टर्पेंटाइनपासून कापूर करता येऊ लागला आणि आज आपल्या आरतीतला कापूरही बहुतेक तोच असतो.

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी रस्त्यावर आली. तिचे उघडे मॉडेल सर्वांत जास्त दिसायचे. वर कापडी हूड, बाजूंना बटणांनी लावायचे पडदे, आणि पडद्यांत सेल्युलॉइडच्या खिडक्या. हूडचे कापडसुद्धा त्याच घराण्यातले. ज्याला आपण रेक्झिन म्हणतो ते मुळात सुती कापडावर नायट्रोसेल्युलोज आणि कापराचा लेप देऊन केलेले नकली कातडे होते. म्हणजे खिडकी आणि चौकट दोन्हींत कापूर.

आता कापराचा स्वभाव आपल्या घरांत कोणाला सांगायला नको. डबीत ठेवला तरी तो कमी होत जातो, म्हणून आजी त्यात चार मिरे टाकून ठेवायच्या. खिडकीतला कापूरही तसाच उडून जायचा, फक्त सावकाश. तो जसजसा जाई तसतसा पत्रा आकसे, पिवळा पडे, पुन्हा मुळातल्या ठिसूळपणाकडे वळे. आणि त्यात दुसरा दोष होता आगीचा. सेल्युलॉइडची फिल्म किती भडकते हे सिनेमाच्या लोकांनी पुरेपूर भोगले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात २००३ साली लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्या याच पदार्थाच्या. अशी खिडकी सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या नाकापासून वीतभर अंतरावर असायची. पुढे सेल्युलोज ॲसिटेट आले. ते असे भडकत नाही, पण ओल धरते आणि वाकडे होते, म्हणून त्याचा संसार पडद्यांत फार चालला नाही.

पीव्हीसी हा पदार्थ जर्मनीत १८७२ मध्येच ऑयगेन बाउमानने पाहिला होता, पण त्याचे करायचे काय हे पन्नास वर्षे कोणाला नीट उमगले नाही. कडक, तापवला की कुजणारा पदार्थ. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात, गुडरिच या टायर कंपनीत वॉल्डो सेमन हा रसायनतज्ज्ञ रबर लोखंडाला चिकटवण्यासाठी डिंक शोधत होता. त्याने पीव्हीसी एका जड द्रावकात उकळले. थंड झाल्यावर हाती आला तो डिंक नव्हे, तर रबरासारखा वाकणारा, पाणी न शोषणारा गोळा. कापराने जे नायट्रोसेल्युलोजचे केले, तेच त्या द्रावकाने पीव्हीसीचे केले होते. असे सांगतात की सेमनने पत्नीने शिवलेल्या खिडकीच्या पडद्यावर याचा लेप दिला, तो आपल्या साहेबाच्या टेबलावरच्या कागदांवर पसरला आणि वरून तांब्याभर पाणी ओतले. कागद कोरडे राहिले. रेनकोट, न्हाणीघराचे पडदे, विजेच्या तारांचे वेष्टन आणि नंतर गाड्यांच्या व बोटींच्या मऊ खिडक्या, सगळे त्या टेबलावरून निघाले.

आपल्याकडे ही खिडकी आली ती प्रामुख्याने जीपच्या मागून. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीची जीप लाखोंच्या संख्येने बनली, युद्ध संपल्यावर लष्कराने जास्तीच्या गाड्या डिस्पोजलमध्ये काढल्या, आणि १९४७ पासून महिंद्रांनी विलीज जीप भारतात जोडायला घेतली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात जीप ही काही नवलाईची वस्तू नव्हती. कॅनव्हासचा हूड, मागच्या पडद्यात खिडकी. त्या काळात कापडी छपराचे कोणाला वावडेही नव्हते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एस.टी.ची वर्णने वाचा, लाकडी सांगाडा आणि वर कापडी छत. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होते आणि आपल्या आधीच्या पिढीने एस.टी. पाहिली ती स्वतःच्या गावची गाडी म्हणून. हा विषय निघाला की लेखणी घसरते, म्हणून पुन्हा खिडकीकडे वळतो.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिकोने मुंबईत चेंबूरला पीव्हीसीचे उत्पादन सुरू केले, त्याच दशकात ऑटोरिक्षा शहरोशहरी पसरली, आणि मागच्या काळ्या-पिवळ्या हूडमधली छोटी खिडकी सर्वांच्या ओळखीची झाली. हूड शिवणारे कारागीर प्रत्येक गावात तयार झाले. उद्यमबागेत ओतकाम, यंत्रकाम, हायड्रॉलिक्सची कारखानदारी वाढत गेली तसा कच्चा आणि पक्का माल वाहणाऱ्या टेम्पोंचा राबता वाढला, आणि टेम्पो म्हटला की ताडपत्री आली, पडदा आला, शिलाई आली. आता कारखान्यांच्या दारांनाही पीव्हीसीच्या जाड पारदर्शक पट्ट्या लोंबताना दिसतात. माणूस किंवा ट्रॉली त्यातून आरपार जाते आणि धूळ मागे राहते. हीसुद्धा त्या खिडकीची धाकटी बहीणच.

आता ती मरते कशी ते पाहू. बहुतेकांना वाटते की पावसाने. पाऊस फक्त आपल्याला ती मेल्याचे दाखवतो. ती मरते मार्च ते मे या तीन महिन्यांत.

पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतो. ऊन आणि उष्णता मिळाली की साखळीतून हायड्रोक्लोरिक आम्लाचे कण सुटू लागतात. एक सुटला की शेजारचा सुटणे सोपे होते. मागे उरलेली साखळी निळा प्रकाश गिळते आणि आपल्याला पिवळेपणा दिसतो. हा रंग कापडाने पुसून जात नाही, कारण तो मळ नाहीच. दुसरीकडे मऊपणा देणारे तेलकट द्रव्य बाहेर येत राहते, कापरासारखेच, पण त्याहून कितीतरी सावकाश. ते नुसते हवेतच जाते असे नाही, स्पर्श करणाऱ्या वस्तूतही शिरते. याचा पुरावा अनेकांच्या माळ्यावर असेल. गणपतीचे थर्मोकोलचे मखर आणि विजेची माळ एकाच खोक्यात वर्षभर ठेवली, की पुढच्या भाद्रपदात तार थर्मोकोलमध्ये रुतून बसलेली सापडते. उंदराचा संशय घेतला जातो. प्रत्यक्षात तारेच्या पीव्हीसी वेष्टनातून निघालेल्या द्रव्याने थर्मोकोल विरघळलेले असते. म्हणून गुंडाळलेला पडदा थर्मोकोलला टेकवून ठेवू नये.

लोखंडी पाइपचा त्रासही असाच नकळत होतो. जीपच्या किंवा बोटीच्या सांगाड्याचा पाइप उन्हात तापतो, आणि जिथे तो खिडकीला टेकतो तिथे काही महिन्यांत तपकिरी रेघ उमटते. खिडकी इतरत्र ठीक, त्या रेघेवर मात्र जळल्यासारखी. पाइपवर पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळली तरी पुष्कळ फरक पडतो. दोन हात पट्टी, एवढाच खर्च.

धुण्याच्या बाबतीत उद्यमबागेची गोष्ट समुद्राकाठासारखीच आहे. तिकडे मिठाचे खडे, इकडे फौंड्रीची बारीक वाळू आणि लोखंडाची कीस. कोरड्या फडक्याने खिडकी पुसणे म्हणजे तिला पॉलिश पेपर मारणे. सकाळी गाडी काढताना घाईत फिरवलेला तो एक हात वर्षभरात हजार बारीक चरे पाडतो, आणि रात्री दिवा पसरतो तो याच चऱ्यांवर. आधी भरपूर गोडे पाणी ओतून वाळू वाहू द्यावी. मग तळहाताने किंवा भिजलेल्या सुती कापडाने, सौम्य साबणाच्या पाण्याने हलके चोळावे, पुन्हा पाणी ओतावे आणि मऊ कापडाने टिपून घ्यावे. पेट्रोल, रॉकेल, थिनर, स्पिरिट यांपैकी काहीही लावू नये. ग्रीस निघते हे खरे, पण त्याबरोबर आतले मऊपणाचे द्रव्यही ओढले जाते. घरातल्या आरशासाठी आणलेला अमोनियाचा फवारासुद्धा नको. खोबरेल तेल लावले की चार दिवस चमकते, मग त्यावर धूळ बसते आणि पुन्हा तेच कोरडे फडके.

गुंडाळताना पडदा कोरडा असावा. ओला गुंडाळला तर पाणी आत मुरून खिडकी दुधाळ होते, बुरशीही धरते. घडी तर कधीच घालू नये. जुन्या साडीचा तुकडा मध्ये ठेवून सैल गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. पत्र्याच्या शेडमध्ये वरच्या अंगाला ठेवलेला पडदा रस्त्यावरच्या पडद्याइतकाच भाजून निघतो. थंडीच्या पहाटे, कडक झालेला पडदा झटक्याने उलगडू नये. जरा ऊन लागू द्यावे.

इतके करूनही तो एके दिवशी बदलावाच लागतो. इथे माझी एक तक्रार आहे. कापड अजून दहा पावसाळे काढील असे असते, गेलेली असते फक्त खिडकी, आणि तरी संपूर्ण हूड फेकून तयार नवा बसवला जातो. खिडकीपुरते काम करणारे हात आहेत तोवर ते करून घ्यावे. त्यात कौशल्य आहे, पण गूढ काही नाही.

पहिली गोष्ट, जुन्या खिडकीचे माप घेऊन नवी कापू नये. जुनी आकसलेली असते. जाणता कारागीर जुनी खिडकी आधी उसवत नाही. कापड सपाट पसरून, नवा तुकडा चारी बाजूंनी चांगली माया सोडून जुन्यावरच ठेवतो आणि कडेने टीप मारून घेतो. मगच आतली जुनी खिडकी कापून काढतो. त्यामुळे कापडाचा आकार हलत नाही आणि झोळ पडत नाही. टाचण्या लावायच्या नाहीत, कारण कापडातले भोक बुजते, प्लॅस्टिकमधले कायम राहते. कडेला चिमटे किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी. मशीनचा पाय या गुळगुळीत पृष्ठभागावर अडकतो, म्हणून वर पातळ कागद ठेवून शिवतात आणि नंतर तो फाडून काढतात. टाके लांब घ्यावे, इंचाला सहा-सात. शर्टासारखी बारीक टीप घातली तर सुईची भोके टपाल तिकिटाच्या कडेसारखी ओळीने पडतात आणि पहिल्याच ताणाला खिडकी तिथून फाटते. धागा पॉलिस्टरचा हवा. सुती धागा ओलीने कुजतो आणि नायलॉनचा उन्हाने. टाक्यांच्या ओळीवर कापडाची पट्टी शिवली की ऊनही अडते आणि पाणीही.

प्लॅस्टिकची जाडी हा घासाघीस करण्याचा विषय नव्हे. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा छोट्या रिक्षाच्या पडद्याला चालतो. जीपच्या मागच्या किंवा बोटीच्या बाजूच्या मोठ्या खिडकीला पाऊण ते एक मिलिमीटर लागतो, नाहीतर वाऱ्याने ती फडफडत राहते आणि टाक्यांवर ताण येतो. गुंडाळीतून येणाऱ्या स्वस्त मालात लाटा दिसतात. नीट पाहायचे असेल तर तुकडा हातभर अंतरावर धरून त्यातून समोरच्या भिंतीची सरळ कड पाहावी. ती वेडीवाकडी दिसली तर दुसरा मागावा.

आणि वेळ. बहुतेकांना पडद्याची आठवण मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर होते, तेव्हा हूडवाल्याकडे रांग असते आणि काम घाईत होते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गाडी न्यावी. बटणांची जागा भर दुपारी ठरवू नये, कारण तापलेले प्लॅस्टिक फुगलेले असते. त्या मापाने ताणून लावलेला पडदा श्रावणातल्या गार सकाळी आखडतो आणि बटणे लागेनाशी होतात. सकाळी नऊच्या आत माप घेणारा आणि बटणापाशी बोटभर सैल सोडणारा कारागीर मिळाला, तर त्याचा नंबर लिहून ठेवावा.